बोलणं गेलेल्या माणसाची प्रार्थना: सोलापुरातल्या एका ख्रिस्ती घराचं प्रकरण

हे प्रकरण कोणा एका ओळखीच्या कुटुंबाचं नाही. आजारपणात मंडळीच्या (चर्चच्या) घरभेटींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून ते रचलं आहे. त्यामुळे माणसांना नावं नाहीत. घरच्या कर्त्या पुरुषाला दादा म्हणू आणि त्यांच्या पत्नीला वहिनी.

दादा ४७ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. पाळी बारा तासांची, पगार आठवड्याला, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. वहिनी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. मजुरी नगावर, आणि खरं काम जून उजाडण्याआधीच्या चार महिन्यांत. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत. सोबत दादांची आई. डोळ्यांनी अधू, पण जुनी भजनं सगळी तोंडपाठ. मोदी भागात दोन खोल्या. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या आणि १९७० नंतर उत्तर भारतीय मंडळीत आलेल्या परंपरेतलं.

फेब्रुवारीत एके दिवशी दादा रात्रपाळी करून आठ वाजता घरी आले आणि झोपले. दुपारी बाराला उठवायला गेल्यावर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. शेजारच्या तेलुगू अक्कांच्या मुलानं रिक्षा आणली आणि त्यांना सिव्हिलला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत कधी सुरुवात झाली हे कळायला मार्ग नसला की माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून, म्हणजे इथं सकाळी आठपासून, वेळ धरतात. तपासण्या होईपर्यंत ती मुदत टळली होती, म्हणून ते देता आलं नाही. अकरा दिवसांनी दादा घरी आले. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळत होतं. स्वतःला बोलायचं म्हटलं की एकच आवाज निघायचा, ‘त-त-त’. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. रक्तदाबाची गोळी त्यांनी दिवाळीपासून बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून.

पहिले पंधरा दिवस

घरी आल्यानंतरच्या रविवारी उपासना सुटल्यावर वीस-पंचवीस माणसं दोन खोल्यांत आली. सगळी प्रेमानं आली होती. प्रत्येकानं प्रार्थना केली, काहींनी दहा-दहा मिनिटं. दादा आधी रडले, मग त्यांनी डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं. लोकांना वाटलं, आत्म्याचा स्पर्श झाला. खरं तर ते दमले होते. पक्षाघातानंतर मेंदूला साधं संभाषण ऐकूनही थकवा येतो, आणि एका वेळी दोघं बोलले तर काहीच उमगत नाही. बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते स्पष्टीकरण द्यायला लागल्यावर.

इथेही तेच झालं. प्रार्थनेला आलेल्या एका बाईंनी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, “घरात काही कबूल करायचं राहून गेलंय का गं?” प्रश्न साधा वाटतो. पण झटका आला त्याच्या आदल्या संध्याकाळी, दादा पाळीवर निघताना, वहिनी फायनान्सच्या हप्त्यावरून त्यांच्याशी भांडल्या होत्या. तो प्रश्न त्यांच्या मनात खिळ्यासारखा बसला आणि त्या प्रार्थनेला बसेनाशा झाल्या. देव रागावलाय, मग त्याच्याच दारी काय जायचं?

अशा ठिकाणी नुसतं “तसं काही नसतं हो” म्हणून चालत नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होते, हेही त्यानं नाकारलं. आजार ही भांडणाची शिक्षा नव्हे. हा झाला एक भाग. दुसरा भाग असा की गोळी बंद झाली होती, ते वहिनींना माहीत होतं आणि त्यांनी लावून धरलं नव्हतं. ही बोच खोटी नव्हती. ती देवापुढे आणि दादांपुढे शब्दांत सांगायची, क्षमा मागायची आणि तिथं ठेवायची. वहिनींनी दादांचा डावा हात धरून ते सांगितलं. दादांनी हात दाबला. खोट्या अपराधाला उत्तर द्यावं लागतं आणि खऱ्याला क्षमा. दोन्हींना एकच औषध दिलं की माणूस अडकतो, आणि बहुतेक सांत्वनं इथंच फसतात.

यापेक्षा धोक्याची गोष्ट दुसऱ्या आठवड्यात घडली. बाहेरगावच्या एका प्रचारकाच्या सभेला नातेवाईक दादांना खुर्चीतून घेऊन गेले. तिथं सांगितलं गेलं की गोळ्या घेत राहणं म्हणजे अविश्वास. कोणी तरी “येशूच्या नावात ऊठ” म्हणत दादांचा लुळा हात धरून ओढला. सासूबाईंनी आपल्या सोन्याच्या पाटल्या द्यायचा नवस बोलला. पुढचे तीन दिवस गोळ्या दिल्या गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी दवाखान्यात रक्तदाब १८० वर ११० निघाला, आणि उजव्या खांद्याचा सांधा ओढला जाऊन दुखू लागला. लुळ्या हाताचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नाहीत. तो हात धरून उचललं की खांदा निखळतो, आणि मग कित्येक महिने व्यायामच करता येत नाही. हात ठेवून प्रार्थना करायची तर डोक्यावर ठेवावा किंवा धडधाकट खांद्यावर.

सासूबाईंना समजावण्यासाठी पाळकसाहेबांनी यशयाचा अडतिसावा अध्याय वाचला. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, त्यानं प्रार्थना केली. देवानं ऐकलं आणि आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली. त्याच अध्यायाच्या शेवटी संदेष्टा सांगतो की अंजिरांचं पोटीस गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली, तरी औषध लावायचं होतंच. म्हातारीनं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “मग पाटल्या?” पाटल्या घरात राहिल्या. गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या ताब्यात गेला. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेआधी गोळी हातात द्यायची, गिळल्याची खात्री करायची आणि मगच ‘आमेन’पर्यंत जायचं. त्या दिवसापासून या घरात एकही गोळी चुकलेली नाही.

रस्ता मोकळा करणं

मोशेच्या नियमशास्त्रात शरणपुरांची व्यवस्था आहे. हातून नकळत मनुष्यवध झाला तर जीव वाचवायला पळून जाण्यासाठी सहा नगरं, यार्देनेच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. आमच्या दृष्टीनं त्यातला महत्त्वाचा तपशील बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे: नगरं नेमून भागत नाही, तिकडे जाणारे रस्ते तयार ठेवायचे. पळणारा माणूस धापा टाकत असतो. त्याला रस्ता शोधत बसायला लावायचं नाही.

संकटात आश्रय देव देतो. रस्ता तयार ठेवणं मंडळीकडे असतं, आणि ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणणाऱ्या बहुतेक मंडळ्या हे काम विसरतात. रात्रभर जागलेल्या, दोन हंडे पाण्यासाठी थांबलेल्या, बुधवारचा हप्ता डोक्यावर असलेल्या बाईला शांतपणे स्तोत्र वाचता येत नाही. तिच्या विश्वासात कमी नसते. कमी असते झोप. एलीया संदेष्टा रतमाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. होरेबचा डोंगर आणि तिथली देवाची मंद वाणी त्यानंतर आली.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात भगिनी मंडळ आणि तरुण संघानं मिळून एक कागद केला आणि वहिनींच्या कपाटावर चिकटवला. भेट संध्याकाळी पाच ते सहा. एका वेळी दोघंच. वीस मिनिटं. एक स्तोत्र, दोन मिनिटांच्या आत प्रार्थना, आणि जाताना हातात एखादं काम. पाण्याच्या दिवशी तरुण संघाची दोन मुलं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आजारी माणसाच्या घरी पाण्याचा दिवस चुकला तर पुढचा सगळा आठवडा कोलमडतो. म्हणून ही नेमणूक कागदावर सगळ्यात वर लिहिली.

डब्याच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. मंडळीतून प्रेमानं आली ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. गिळण्याचे स्नायू अशक्त झालेल्या माणसाला कोरडं, भुसभुशीत अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यातून न्यूमोनिया होतो. पातळ पाण्याचीही तीच कथा, ते पटकन घसरतं. मग कागदावर आणखी एक ओळ आली: मऊ खिचडी, घट्टसर आंबील, कुस्करलेलं केळं, घट्ट वरणात भिजवलेली मऊ पोळी. सरळ बसवून भरवायचं, लहान घास, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि उजव्या गालात घास साठला नाही ना, ते बोटानं पाहायचं.

मंडळीतले एक निवृत्त कारकून गृहस्थ पगाराच्या पावत्या पाहून गेले. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होत होती. आजारपणाच्या लाभाखाली ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि पक्षाघातासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, नोकरीच्या मुदतीच्या अटी पूर्ण होत असतील तर, पुढे ८० टक्के दरानं वाढीव लाभ मिळतो. वहिनींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचा दाखला, बँकेचं पासबुक आणि कार्ड घेऊन ते मुलाला सोबत घेऊन दोनदा गेले. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे गलतीकरांस पत्रातलं वाक्य मंडळीत दर महिन्याला कोणी ना कोणी म्हणतं. त्याचा एक अर्थ ईएसआयच्या रांगेत उभं राहणं असा होतो.

वहिनींचं तेरावं स्तोत्र

पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, मार्चच्या सुरुवातीला आल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, “प्रार्थनेला बसले की नुसता राग येतो. मग उठते.”

“कोणाचा राग?”

“त्याचाच.”

पाळकीणबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. त्यांनी स्तोत्रसंहिता काढली आणि तेरावं स्तोत्र समोर ठेवलं. दीडशे स्तोत्रांपैकी बरीच स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत, आणि त्यांतलं हे सगळ्यांत आखीव. सहाच वचनं. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा विचारतो, ‘कोठवर?’ तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात बेत करत दुःख वागवू, शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ होणार. पुढच्या दोन वचनांत मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत तेज आण. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. तक्रार देवाकडेच केलेली आहे, हे इथलं मर्म. जो देवावर रागावून देवाशीच बोलतो तो त्याच्या दारातच उभा आहे. दार सोडून जातो तो गप्प बसणारा.

करायचं ते असं ठरलं. पहाटे साडेपाचला, मशीनवर बसण्याआधी, बारा मिनिटं. रात्री नको, थकलेल्या मनाला रात्री गाऱ्हाण्यातून वर येता येत नाही. मुलीची जुनी वही. स्तोत्र एकदा मोठ्यानं वाचायचं, मग स्वतःचे चार ‘कोठवर’ लिहायचे. वहिनींच्या पहिल्या दिवसाच्या ओळी अशा: कोठवर मी एकटीनं हप्ते भरू? कोठवर यांचं ‘त-त’ ऐकू? कोठवर पोराची परीक्षा आणि माझं रडणं एकाच खोलीत? चौथी ओळ कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिथं लिहिलं गेलं: कोठवर तू गप्प?

शेवटच्या दोन वचनांकडे लगेच जायचं नाही, अशी पाळकीणबाईंनी ताकीद दिली होती. इथं फार माणसं चुकतात. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून ‘तरी प्रभूची स्तुती असो’ लिहितात, कारण तसं लिहायचं असतं. मग ती स्तुती खोटी वाटते आणि आठवड्याभरात वही बंद पडते. वहिनी पहिल्या दोन वचनांवरच नऊ दिवस राहिल्या. मग मागण्याकडे वळल्या. मागणंही नेमकं हवं. ‘आम्हांला आशीर्वाद दे’ लिहिलं की उत्तर आलं की नाही ते कळतच नाही. त्यांनी लिहिलं: बुधवारच्या हप्त्याला मुदत मिळू दे. यांना रात्री चार तास सलग झोप लागू दे. पोराचा गणिताचा पेपर शांतपणे होऊ दे. पानाच्या उजवीकडे जागा सोडलेली, पुढे काय झालं ते लिहायला. हप्त्याला मुदत मिळाली नाही. तेही तिथं लिहिलं गेलं.

पाचवं वचन त्यांच्या हातून आलं ते एप्रिलात, आणि तेही एका ओळीत: काल यांनी माझ्या नावाचं पहिलं अक्षर म्हटलं. त्याखाली काही लिहिलेलं नाही. तेवढं पुरे होतं.

काही दिवस असे येतात की भरवशाकडचं वळणच येत नाही. त्यासाठी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. तेही पवित्र शास्त्रात आहे, तेही देवापुढेच म्हटलेलं आहे. म्हणून तिथवरच म्हणून उठलं तरी प्रार्थना पूर्ण झाली असं मानायला हरकत नाही. मात्र वहीत ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं काही येऊ लागलं, झोप आणि भूक दोन आठवडे उडाली, तर नुसतं स्तोत्र पुरत नाही. डॉक्टरांना सांगायचं, आणि रात्री-बेरात्री १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना नैराश्य येतं; सांभाळणाऱ्यालाही येतं. दादांच्या बाबतीत ते आलं होतं आणि त्यावर औषध सुरू झालं.

दादांचा आवाज

मार्चच्या शेवटी एका दुपारी सासूबाई तांदूळ निवडत भजन गुणगुणत होत्या. लहानपणापासून घरात चाललेलं, संथ चालीचं. दुसऱ्या ओळीला पलंगावरून दुसरा आवाज मिसळला. दादा गात होते. शब्द स्पष्ट, चाल बिनचूक. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, त्यांनी धृपद पूर्ण म्हटलं.

यामागे कारण आहे. नवं वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते. पाठ झालेली गाणी, प्रार्थना, मोजणी यांत उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो असं मानतात, आणि डाव्या बाजूला इजा झाली तरी हे पुष्कळदा शिल्लक राहतं. म्हणून वर्षानुवर्षं रविवारी म्हटलेलं भजन अशा दिवशी हाताशी येतं. आपल्या मंडळ्यांतून पाठांतर कमी होत चाललंय, सगळं पडद्यावर दिसतं. आम्हांला याची काळजी वाटते, ती या कारणानं. पडदा रुग्णाच्या डोक्यात नसतो.

घरात कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि ‘मुका बोलू लागला’ म्हणून ते शहरभर फिरलं. दुसऱ्या दिवशी लोक आले आणि म्हणू लागले, दादा, आता नाव सांगा, बायकोचं नाव सांगा. दादांना सांगता येईना. त्यांनी डाव्या हातानं उशी फेकली आणि दोन दिवस जेवले नाहीत. गाता येणं म्हणजे बोलता येणं नव्हे. पाळकसाहेबांनी रविवारी व्यासपीठावरून चित्रफीत काढून टाकायला सांगितलं, स्पष्ट शब्दांत.

मग पद्धत बसवली. रोज संध्याकाळी दोन भजनं, फक्त बालपणापासून येणारी, नवी नाहीत. लय संथ. डाव्या हातानं मांडीवर ताल. वाचाउपचारातही डाव्या हाताचा ताल वापरतात. ‘म्हणून दाखवा’ कधी म्हणायचं नाही. प्रभूची प्रार्थना म्हणताना सुरुवात दुसऱ्यानं करायची, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि थांबायचं. मनात दहा अंक मोजायचे. शब्द अडला तरी आपण पुरवायचा नाही. पाहुण्यांना हे फार जड जातं. पाच सेकंदांची शांतता त्यांना सोसत नाही.

दादा एप्रिलभर एकाच जागी अडायचे: ‘आमची रोजची भाकर’. पुढे सरकायचेच नाहीत. भाकर, भाकर, भाकर. एखाद्या संध्याकाळी सात-आठ वेळा. मुलगी आधी हसायची, मग ती त्यांच्याबरोबर तो शब्द म्हणू लागली. आजवर घरी भाकर आणणाऱ्या, आणि आता कमाई थांबलेल्या माणसाच्या तोंडी ती विनंती तिथं थांबत असेल, तर ती घाईनं पुढे ढकलायची गरज नाही. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं मध्यस्थी करतो. दादांना हे वचन वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायची खूण केली.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वहिनींना येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला जाता आलं नाही. पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी फक्त चौथा उद्गार वाचला: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मग तो ज्या स्तोत्रातून घेतलेला आहे, ते बाविसावं. संदेश दिला नाही. वहिनींच्या वहीतल्या चौथ्या ओळीच्या अगदी जवळचा प्रश्न वधस्तंभावरून विचारला गेला होता, हे त्यांचं त्यांना दिसलं.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घरी देताना काळजी घ्यावी लागली. कोरड्या भाकरीचा तुकडा ठसका लावतो, द्राक्षरस पातळ म्हणून तोही. वाचाउपचारतज्ज्ञांना विचारून ठरलं ते असं: पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, नखाएवढा मऊ तुकडा रसात भिजवून, थेंब गळणार नाही इतपत निथळून, डाव्या बाजूनं जिभेवर ठेवायचा. हनुवटी किंचित खाली. गिळल्यावर पुन्हा एकदा कोरडं गिळायला सांगायचं. ज्या दिवशी खोकला जास्त असेल त्या दिवशी ओठांना स्पर्श पुरे. कोणत्याही पाळकानं रुग्णाच्या घरी जाण्याआधी हे विचारून घ्यावं.

रात्री

पहिले दोन महिने दर दोन तासांनी कूस बदलावी लागत होती, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहा, बारा, दोन, चार, सहा. वहिनी सगळ्या वेळा एकट्या उठायच्या आणि पहाटे मशीनवर डुलक्या घ्यायच्या; एकदा सुई बोटात गेली. पाळकीणबाईंनी एकशे एकविसावं स्तोत्र दिलं: इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही. ते वाचून वहिनींनी उलटा अर्थ घेतला, की मीही जागलंच पाहिजे. तो जागा आहे म्हणूनच तुम्ही झोपायचं, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. दहा आणि बाराची पाळी मुलानं घेतली, परीक्षा संपल्यावर दोनचीही. चार आणि सहा वहिनींच्या. कूस बदलताना त्या स्तोत्राचं एकच वचन म्हणायचं, आठ वचनं आलटून पालटून, दादांच्या कानाशी. त्याहून जास्त काही नाही. पहाटे चारला लांब प्रार्थना करायला देवानं कुठं सांगितलेलं नाही.

मे आणि त्यानंतर

मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला, दुपारी पत्रा तापू लागला आणि भेटी आटल्या. हे ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात गर्दी, तिसऱ्या महिन्यात कोणी नाही, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांच्या लक्षात येतं की हे आता असंच राहणार. पक्षाघातात सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांत वेगानं होते. नंतर ती होत राहते, पण डोळ्यांना दिसत नाही. दादा काठी घेऊन संडासापर्यंत जाऊ लागले होते. हात तसाच होता. मागावर परत जाणं नाही, हे फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. त्या आठवड्यात वहिनींची वही कोरी राहिली.

कागदावर मे-जूनची नेमणूक आधीच लिहून ठेवली असती तर हा खड्डा कमी खोल झाला असता. इथं ती मागाहून केली गेली: भेट सकाळी सातला, आठवड्यातून दोनदा, त्याच चार माणसांची. दर वेळी नवे चेहरे आणू नयेत, रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. अक्का स्वतःहून रोज तासभर दादांजवळ बसू लागल्या, तेवढ्यात वहिनी गणवेशाचा माल पोचवून येत. अक्कांचा देव वेगळा आहे. या घराच्या आश्रयात त्यांचा वाटा मोठा आहे आणि पाळकसाहेबांनी तसं त्यांना सांगितलं.

पौलानं आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आलं. हे वचन पहिल्या आठवड्यात कोणाला सांगू नये, ते तोंड बंद करणारं वाटतं. दादांनी ते ऑगस्टमध्ये स्वतः बोटानं दाखवलं, मुलगी दुसऱ्या करिंथकरांस पत्र वाचत असताना.

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी. दादा पंधरा-वीस सुटे शब्द बोलतात, त्यांत ‘गोळी’, ‘चल’ आणि मुलांची नावं. प्रभूची प्रार्थना शेवटपर्यंत म्हणतात, ‘भाकर’जवळ अजून थोडं थांबून. रक्तदाब १३० वर ८०च्या आसपास आहे. ईएसआयचा वाढीव लाभ मंजूर झाला. फायनान्सचे दोन हप्ते थकले आहेत, त्यावर निवृत्त कारकून गृहस्थ आणि मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायला जाणार आहेत. मुलगा बारावी झाला, पण पुढे शिकायचं की कारखान्यात लागायचं, यावर घरात एकमत नाही. वहिनींच्या वहीत सध्याचा पहिला ‘कोठवर’ त्याच्याबद्दल आहे.